रेघा जुळल्या म्हणजे मॉडेल खरं ठरलं का?

रात्री जेवणं उरकली की किल्लारीत आमचे आबा अंगणात बाज टाकून पडतात. मी सुट्टीला घरी असले की शेजारी बसते. वरून लुकलुकत एखादं विमान जातं. मुंबई आणि हैदराबादचे विमानतळ नकाशावर सरळ रेघेनं जोडून बघा. ती रेघ उमरग्याजवळून जाते, म्हणजे आमच्या गावापासून विसेक किलोमीटरवरून. प्रत्यक्ष विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी थोडी इकडं-तिकडं सरकतात, पण आभाळ तेच.

मागच्या सुट्टीत आबांनी विचारलं, "काय करायलीस गं तिकडं? ते इमान तुझ्या कंप्युटरात दिसतंय का?"

म्हटलं, "दिसतं की. पण ते खोटं विमान असतं. खऱ्यासारखं उडणारं."

"आन् ते खऱ्यासारखंच उडायलंय हे कोण ठरवतंय?"

मी समजावून सांगितलं. खऱ्या विमानांची नोंद घ्यायची, तिची रेघ काढायची, आपल्या सिम्युलेशनची रेघ त्यावर ठेवायची. जुळल्या की झालं.

आबा म्हणाले, "नकाशात आपलं गाव बी बिनधोकच व्हतं म्हणं." आणि कुशीवर वळले.

हा लेख त्या वाक्यामुळं लिहिते आहे. माझ्या विषयात ज्याला 'पडताळणी' म्हणतात, तिच्यावर माझा आक्षेप आहे. त्यात माझं स्वतःचं कामही आलंच.

आधी तो नकाशा

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. विसर्जन करून लोक झोपले होते. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, साधारण आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. त्या वेळच्या अधिकृत नकाशात देशाची पाच भूकंपक्षेत्रं केलेली होती आणि किल्लारी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला आणि 'पहिलं क्षेत्र' हा प्रकारच रद्द करून दुसऱ्यात मिसळून टाकला.

असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला, तेव्हा १९६६ च्या नकाशात तो भागही पहिल्याच क्षेत्रात होता. १९७० मध्ये नकाशा सुधारला. पुढची तेवीस वर्षं किल्लारी पहिल्या क्षेत्रातच राहिली.

नकाशा करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. हातात जी माहिती होती तिच्यावरच त्यांनी तो केला. पण एक गोष्ट बघा. प्रत्येक भूकंपानंतर नकाशा सुधारला की तो झालेल्या सगळ्या भूकंपांशी जुळतोच. मागं वळून पाहिलं तर शंभर टक्के बरोबर. प्रश्न फक्त पुढच्या भूकंपाचा असतो. माझ्या विषयात याला दोन वेगळे शब्द आहेत. मॉडेलचे आकडे असे बसवायचे की ते हातातल्या नोंदींशी जुळेल, हे झालं जुळवणं. मॉडेलनं कधीच न पाहिलेल्या नोंदींवर त्याला उभं करायचं, ही पडताळणी. शब्द दोन आहेत, पण पेपर वाचताना मला बहुतेक वेळा पहिलंच काम दुसऱ्याच्या नावाखाली सापडतं.

आम्ही नेमकं काय करतो

हवाई वाहतुकीचं सिम्युलेशन म्हणजे संगणकात एक आभाळ उभं करायचं. त्यात धावपट्ट्या, मार्ग, वारा आणि शेकडो विमानं. प्रत्येक विमान किती वेगानं चढतं, किती इंधन खातं, दोन विमानांत किती अंतर ठेवतं, याचे नियम घालायचे आणि घड्याळ सोडून द्यायचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात तयार झालेलं 'ब्लूस्काय' हे असं एक सिम्युलेटर. ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतं आणि त्याचा कोडही उघडा आहे. विमानांच्या कामगिरीचे आकडे बऱ्याचदा 'युरोकंट्रोल' या युरोपीय संस्थेच्या 'बाडा' या संग्रहातून घेतले जातात.

खरी नोंद मिळते ती एडीएस-बी मधून. आजची बहुतेक प्रवासी विमानं आपली जागा जीपीएसवरून काढून १०९० मेगाहर्ट्झवर, सेकंदाला साधारण दोनदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगत असतात. छोटा अँटेना आणि स्वस्तातला रिसीव्हर लावला की घराच्या गच्चीवरूनही ते ऐकता येतं. असे हजारो हौशी लोकांचे रिसीव्हर जोडून 'ओपनस्काय नेटवर्क' नावाचा संग्रह उभा राहिला आहे. संशोधकांना तो वापरता येतो. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांचं काम त्यामुळंच चालतं, हे आधी कबूल करते.

आता नेहमीचं पडताळणीचं प्रकरण. एखाद्या आठवड्याचा डेटा घेतात. तो साफ करतात. सिम्युलेशन चालवतात. सरासरी उशीर, सरासरी उड्डाणवेळ, तासाला उतरलेली विमानं, असे तीन-चार आकडे शेजारी मांडतात. फरक चार-पाच टक्के निघतो. आलेख काढतात, निळी रेघ आणि लाल रेघ जवळजवळ एकावर एक. खाली वाक्य येतं : मॉडेल वास्तवाशी चांगलं जुळतं. पुढच्या पानापासून त्याच मॉडेलच्या जोरावर सल्ले सुरू होतात. तासाला दोन विमानं जास्त घेता येतील, अमुक मार्ग बदलला तर इतकं इंधन वाचेल.

आलेखातली ती दोन रेघांची जवळीक मला हल्ली खटकते. कारणं चार आहेत.

एक : निवांत वेळेची परीक्षा

उदाहरण मुंबईचंच घेऊ. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे काम एका वेळी एकीवरच चालतं. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथं १,०३२ विमानांची ये-जा झाली. मग २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या वेळची मर्यादा तासाला ४६ वरून ४४ वर आणली आणि बाकीच्या वेळची ४४ वरून ४२ वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं त्याचं कारण दिलं : विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या.

तासाला दोन विमानं कमी केल्यानं असा काय फरक पडतो? रांगेचं अगदी पाठ्यपुस्तकी गणित करून बघू. धरून चला की विमानं कशीही, केव्हाही येतात, प्रत्येकाला धावपट्टीवर सारखाच वेळ लागतो आणि रांग स्थिरावायला पुरेसा वेळ आहे. खरी मुंबई यापेक्षा गुंतागुंतीची आहे, पण मुद्दा कळायला एवढं पुरतं.

क्षमता तासाला ४६ आणि येणारी विमानं ३७. सरासरी थांबणं येतं २.७ मिनिटं. आता समजा माझ्या मॉडेलमध्ये क्षमता चुकून ४५ धरली गेली. थांबणं येईल ३.१ मिनिटं. फरक चोवीसएक सेकंदांचा. खऱ्या नोंदीतल्या रोजच्या चढउतारात तो दिसणारही नाही. दोन्ही मॉडेलं पडताळणीत पास.

आता येणारी विमानं ४४ करा. ४६ क्षमतेचं मॉडेल सांगतं सव्वाचौदा मिनिटं. ४५ वालं सांगतं एकोणतीस. क्षमतेत एका विमानाची, म्हणजे जेमतेम दोन टक्क्यांची चूक, आणि उत्तर दुप्पट!

मग मॉडेलची परीक्षा कुठल्या तासांवर घेतली, हा प्रश्न सगळ्यात मोठा होतो. दिवसभराची सरासरी काढली तर त्यात निवांत तासच जास्त असतात आणि निवांत तासांत चांगलं मॉडेल आणि वाईट मॉडेल सारखीच दिसतात. ज्या सल्ल्यासाठी मॉडेल वापरायचं तो मात्र नेहमी गर्दीच्या तासाबद्दल असतो. कोरड्या पात्रात पुलाची मजबुती तपासावी तसं हे झालं. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं. सरासरी इतकी छान जुळली की लगेच मार्गदर्शकांना मेल टाकली. त्यांनी एवढंच म्हटलं की तासवार फोडून दाखव. फोडलं तर सकाळचा उशीर मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा कमी आणि दुपारचा जास्त. दोन्ही चुकांनी मिळून सरासरी बरोबर आणली होती.

दोन : साफसफाईत काय गेलं

कच्चा एडीएस-बी डेटा घाण असतो हे खरं. मध्येच बिंदू गायब होतात, एखादं विमान क्षणात दोनशे किलोमीटर उडी मारतं. ते काढायलाच हवं. पण याच चाळणीत आणखी काही निघून जातं. घिरट्या घालणारं विमान 'नेहमीच्या मार्गापासून फार दूर' म्हणून गळतं. उतरता उतरता पुन्हा वर गेलेलं विमान 'अपूर्ण उड्डाण' म्हणून गळतं. पावसामुळं मुंबईऐवजी दुसरीकडं वळवलेलं विमान 'ठिकाण जुळत नाही' म्हणून गळतं. म्हणजे आभाळ जेव्हा अडचणीत होतं तेव्हाच्या नोंदी कचऱ्यात आणि उरलेल्या शहाण्या विमानांशी आमचं शहाणं मॉडेल जुळतं.

शिवाय हा डेटा मुळातच एका बाजूला कललेला आहे. रिसीव्हरला विमान दिसायला मध्ये पृथ्वीची गोलाई येता कामा नये. साडेदहा किलोमीटर उंचीवरचं विमान तत्त्वतः चारशेहून जास्त किलोमीटरवरून ऐकू येतं. नऊशे मीटरवर उतरलेलं विमान सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडं ऐकू येत नाही आणि मध्ये डोंगर-इमारती असल्या तर त्याहून कितीतरी कमी. रिसीव्हर हौशी लोकांचे, त्यामुळं शहरांत दाट आणि खेड्यापाड्यांत विरळ. जिथं विमान सरळ, एका वेगानं जातं तिथली नोंद भरपूर. जिथं वळतं, थांबतं, उतरतं तिथली तुटक.

इथं मला किल्लारी आठवते. मोठ्या भूकंपाच्या आधी जवळजवळ वर्षभर, १९९२ च्या ऑक्टोबरपासून, गावात धक्के जाणवत होते. घरोघरी ते माहीत होतं. अशा धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असं नसतं, बहुतेक ठिकाणी येत नाही, हेही तितकंच खरं. पण ते धक्के ही नोंद होती आणि नकाशात ती बसवायला जागाच नव्हती. मॉडेलमध्ये न बसणाऱ्या नोंदीचं काय करायचं, यावरून विज्ञान चाललंय की सजावट हे कळतं. माझी मागणी साधी आहे. साफसफाईत किती उड्डाणं काढली आणि प्रत्येक कशामुळं काढलं, याचा तक्ता आलेखाच्या शेजारी छापा.

तीन : उत्तर बरोबर, कारण चूक

विमान किती वेगानं वर चढेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं : इंजिन किती जोर लावतंय आणि विमान किती जड आहे. एडीएस-बीमध्ये वजन नसतं. विमान कंपन्या ते सहसा सांगत नाहीत. मग आम्ही अंदाज धरतो. आता वजन जास्त धरलं आणि जोरही जास्त धरला, तर चढण्याची रेघ अगदी खऱ्यासारखी येऊ शकते. दोन खोट्या गोष्टींनी मिळून एक खरी रेघ काढली. रेघ जुळली म्हणून त्याच मॉडेलला इंधन विचारायला जाल तर ते आत्मविश्वासानं चुकीचं सांगेल.

इंधनाच्या सरकारी आकड्यांकडंही मी आता तसंच बघते. मुंबईच्या घिरट्यांबद्दल मंत्रालयानं सांगितलं होतं की ४० मिनिटांत १.७ किलोलिटर इंधन वाया जातं आणि ६० मिनिटांत २.५. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं कुणीतरी मोजलंय. नीट वाचलं तर त्यातच लिहिलंय की सरासरी विमान तासाला २,००० किलो इंधन जाळतं असं धरलंय. एक लिटर विमान-इंधनाचं वजन साधारण ०.८ किलो. भागाकार करा : २,५०० लिटर. चाळीस मिनिटांचं १,६६७ लिटर. तंतोतंत तेच आकडे. म्हणजे इथं मोजमाप एकही नाही, एक गृहीत आणि एक भागाकार आहे. ढोबळ अंदाज म्हणून तो ठीकच आहे, लपवलेलाही नाही. पण छोटं विमान आणि चारशे प्रवाशांचं अवजड विमान यांना एकच आकडा लावल्यावर त्या उत्तराला 'प्रत्यक्ष नोंद' समजून कुणी आपलं मॉडेल त्याच्याशी जुळवलं, तर ती पडताळणी दोन अंदाजांची एकमेकांशी झालेली गाठभेट ठरेल.

चार : घडलं नाही म्हणजे घडत नाही?

हा आक्षेप सगळ्यात जड आहे. सुरक्षेचा प्रश्न सरासरीचा नसतोच. तो क्वचित घडणाऱ्या गोष्टीचा असतो. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. अशी गोष्ट मॉडेलमध्ये घडायची शक्यता किती, हे कशाशी ताडून बघणार?

संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट क्ष वेळा करून पाहिली आणि एकदाही वाईट घडलं नाही, तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की वाईट घडण्याची शक्यता ३ भागिले क्ष पेक्षा जास्त नाही. रोज ९०० विमानं धरा, वर्षाला सव्वातीन लाखांच्या वर. वर्षभर काहीही झालं नाही, तर निष्कर्ष निघतो : धोका साधारण लाखात एकापेक्षा जास्त नाही. ऐकायला छान वाटतं, पण रोज ९०० विमानं असताना लाखात एक म्हणजे चार महिन्यांत एक! वर्षभराची निष्कलंक नोंदही आपल्याला यापलीकडं काही सांगत नाही.

हाच नियम जमिनीला लावा. एखाद्या भागाची शंभर वर्षांची नोंद आहे आणि तीत एकही मोठा भूकंप नाही. तर वर्षाला तीन टक्क्यांपेक्षा जास्त शक्यता नाही, एवढंच म्हणता येतं. म्हणजे तेहतीस वर्षांतून एकदा, हेसुद्धा त्या कोऱ्या नोंदीत बसतं. कोऱ्या पानावरून 'बिनधोक' असा शब्द काढता येत नाही. पान कोरं आहे, इतकंच खरं असतं.

म्हणून सिम्युलेशनमध्ये टक्कर झाली नाही आणि वर्षभराच्या खऱ्या नोंदीतही झाली नाही, सबब मॉडेल सुरक्षेसाठी सिद्ध झालं, असं म्हणणं मला मान्य नाही. त्याऐवजी टक्करीच्या आधीच्या पायऱ्या मोजता येतात : विमानं किती वेळा ठरलेल्या अंतराच्या आत आली, ठरवलेल्या उंचीपासून किती भटकली, किती वेळा उतरणं सोडून वर गेली. या गोष्टी पुरेशा घडतात. मॉडेलनं त्या तेवढ्याच वेळा दाखवल्या पाहिजेत. कमी दाखवल्या तर मॉडेल आभाळापेक्षा जास्त सभ्य आहे आणि मग सुरक्षेवर त्याची साक्ष घेऊ नये.

मग करायचं काय?

हवामानखात्याला लोक नावं ठेवतात. पण त्यांचा अंदाज आदल्या दिवशी जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा निकाल लागतो, रोज. भूकंपशास्त्रातही २००७ पासून एक आंतरराष्ट्रीय प्रयत्न चालू आहे. त्यात आपापले अंदाज आधी जमा करायचे, मग ते कुणी बदलायचे नाहीत, आणि पुढं घडणाऱ्या भूकंपांवर त्रयस्थांनी ते तपासायचे. चुका तिथंही निघतात. पण त्या चुका आहेत हे कळतं तरी.

आमच्याकडं अशी संधी नुकतीच येऊन गेली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. मुंबईचा जुना विमानतळ सरळ रेघेत तिथून पंचविसेक किलोमीटरवर. दोघांच्या वर आभाळ एकच. असा बदल कुठल्याही मॉडेलला शिकवता येत नाही, कारण तो आधी घडलेलाच नाही. ही खरी परीक्षा. माझ्यासकट प्रत्येक विद्यार्थ्यानं आपलं भाकीत अशा वेळी आधी तारीख घालून जाहीर ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही. आता मागाहून चालवलेलं सिम्युलेशन कितीही छान जुळलं तरी ते जुळवणंच. नवी मुंबईची वाहतूक टप्प्याटप्प्यानं वाढत जाणार आहे, म्हणून पुढच्या टप्प्यासाठी तरी हे करायचं ठरवलंय. गर्दीच्या तासाचा उशीर, घिरट्यांची मिनिटं, उतरणं सोडून दिलेली विमानं : तीन आकडे, त्यांच्या चुकीच्या मर्यादांसकट, आधीच लिहून ठेवायचे. मग जे व्हायचं ते होऊ दे.

यावर एक रास्त उलटप्रश्न येतो. इतकं काटेकोर राहिलं तर कुठलंच मॉडेल पास होणार नाही, मग काय सगळं गुंडाळून ठेवायचं? नाही. नापास मॉडेलही उपयोगी असतं, फक्त ते कुठं नापास झालंय ते छापलेलं पाहिजे. गर्दीत चुकणारं मॉडेल निवांत तासांच्या नियोजनाला चालतं. वजन न कळणारं मॉडेल मार्गासाठी चालतं, इंधनासाठी नाही. 'चांगलं जुळतं' या दोन शब्दांऐवजी 'कशासाठी जुळतं आणि कशासाठी वापरू नये' असं एक वाक्य लिहिलं तर आमच्या विषयातली निम्मी तक्रार मिटेल.

निघायच्या दिवशी हे सगळं आबांना माझ्या परीनं सांगितलं. रांगेचं गणित त्यांना लगेच पटलं, बाजार समितीत सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग त्यांनी बघितलेली आहे. कोऱ्या पानाचं सांगितलं तेव्हा मात्र थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते नकाशाचं कुणी आदी सांगितलं असतं, की कागद कोराय, आमाला म्हाईत नाही, तर बी चाललं असतं की गं. 'धोका नाही' म्हणलं, तिथं घात झाला."

माझ्या प्रबंधातल्या पडताळणीच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मी अजून लिहिलेलं नाही. पण ते साधारण असंच असणार आहे.